बेगमी

(दृश्य: लातूर रेल्वे स्थानक. रुळांवर टाक्यांच्या वाघिणी उभ्या आहेत.)

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहराची तहान भागवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लागू झाली होती, आणि शिकवणीसाठी खेड्यापाड्यांतून आलेली मुले खोल्यांना कुलपे लावून गावाकडे परतत होती. त्या मुलांत मीही होतो. माझ्या पिशवीत दोन जोड कपडे, पुस्तके आणि मित्राकडून स्वस्तात घेतलेला एक जुना लॅपटॉप होता. त्या लॅपटॉपवर मी त्या दिवसांत जो खेळ खेळत होतो, त्यात क्षितिजापर्यंत बर्फ होते.

खेळाचे नाव ‘अनरिअल वर्ल्ड’. फिनलंडच्या सामी मारानेन यांनी तो १९९२ साली प्रथम लोकांपुढे ठेवला, पुढे एर्का लेहमुस त्यांना येऊन मिळाले, आणि तेव्हापासून हे काम थांबलेले नाही. आज ओपन वर्ल्ड (कुठेही फिरता येईल असे मोकळे जग), सर्व्हायव्हल (तगून राहणे), क्राफ्टिंग (वस्तू स्वतः घडवणे) हे शब्द प्रत्येक दुसऱ्या गेमच्या जाहिरातीत सापडतात. हा खेळ मात्र ते शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून त्याच वाटेने चालत आला आहे. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आला, परंतु मी खेळत होतो ती त्याची जुनी, मोफत मिळणारी आवृत्ती होती. चित्रे साधी, हालचाल चौकटी-चौकटीने, आणि सगळा कारभार कीबोर्डवर. तुम्ही कळ दाबली की जग एक पाऊल पुढे सरकते. तुम्ही थांबलात की तेही थांबते. भारनियमनाच्या गावात आणि दमलेल्या बॅटरीवर हा संथपणा मला फार सोयीचा वाटला.

खेळाचा काळ फिनलंडच्या लोहयुगाचा अखेरचा टप्पा आहे. आपल्याकडे वेरूळला कैलास लेणे आठव्या शतकात कोरले जात होते, तेव्हा तिकडे लोहयुग चालू होते आणि पुढेही काही शतके चालूच राहिले. राजवाडे नाहीत, राजकन्या नाही, जिंकायला काही नाही. तुमचा एक माणूस असतो, त्याच्याकडे एखादी कुऱ्हाड किंवा सुरी असते, चहूकडे जंगल आणि सरोवरे असतात, आणि येणारा हिवाळा असतो. तो माणूस मेला की मेला. मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची सोय नाही.

(दृश्य: गावातील घराची ओसरी. लॅपटॉपचा पडदा जवळून दिसतो.)

माझा पहिला माणूस भुकेने मेला, आणि तो मेला तेव्हा त्याच्या पायाशी मांसाचा ढीग पडलेला होता.

झाले ते असे. उन्हाळ्यात मी एल्क नावाच्या प्राण्याच्या वाटेवर खड्डा खणला, तळाशी टोकदार मेखा रोवल्या, दोन्ही बाजूंना कुंपण घातले, आणि काही दिवसांनी एक भलामोठा एल्क त्यात सापडला. घोड्याएवढे जनावर. मला वाटले, वर्षाची चिंता मिटली. मी त्याचे कातडे काढले, मांसाचे तुकडे केले, भाजून पोटभर खाल्ले आणि बाकीचे तसेच ठेवून दिले. थोड्याच दिवसांत ते नासले. मी दुसरी शिकार शोधत राहिलो, ती मिळाली नाही, दिवस लहान होत गेले, अंगात ताकद उरली नाही आणि पहिल्या बर्फाबरोबर सगळे संपले.

ओसरीवर आज्जीशी बोलत बसलेले आबा हे सगळे पाहत होते. आबा आमच्या नात्यातले नव्हेत. ते गावकुसाबाहेरच्या वस्तीवर राहत, आणि तरुणपणी, विहिरींवर इंजिने येण्यापूर्वी, पंचक्रोशीतल्या मोटा शिवत. त्यांनी पडद्याकडे बोट करून मला विचारले, “एवढं मोठं जित्राब पाडलंस लेकरा, पर मीठ कुटं हाय? दोरी कुटं हाय?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी चान्यांची गोष्ट सांगितली. मोठे जनावर मेले की वस्तीवर मांसाच्या वाटण्या होत. ताजे खाऊन उरलेले मांस लांबच लांब पट्ट्यांत कापले जाई आणि दोरीवर टाकून उन्हात कडक वाळवले जाई. त्या पट्ट्या म्हणजे चान्या. त्या मडक्यात भरून ठेवल्या की पावसाळ्यात, कामाला खाडा पडला की, चुलीवर भाजून किंवा शिजवून खायच्या. ते पुढे जे म्हणाले ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले: “जनावर पाडणं सोपं. ठिवणं अवघड. आदी दोऱ्या मोजायच्या, मंग मांसाला हात लावायचा.”

ज्या गोष्टीसाठी मी एक माणूस गमावला होता, ती त्यांना उपजत असल्यासारखी ठाऊक होती. खेळातही नेमके तेच आहे. मांस वाळवायचे तर टांगायला दोर लागतात, आणि ते तुमच्याकडे नसतील तर शिकार कितीही मोठी असली तरी व्यर्थ आहे. खारवायचे तर मीठ लागते, आणि मीठ सहजी मिळत नाही. धुरी द्यायची तर लाकडी ओंडक्यांची खोली बांधून तिच्यात चूल पेटती ठेवावी लागते. फरक फक्त उन्हाचा. आबांचे ऊन चान्या दोन-चार दिवसांत कडक करी. फिनलंडात मांस वाळवण्याचा हंगाम हिवाळा सरता-सरता येतो, हवा थंड आणि कोरडी असते तेव्हा. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि माशांचा त्रास नसेल म्हणून तसे असावे, असा तर्क केला. तो तर्क बरोबर होता.

दुसऱ्या माणसाच्या वेळी आम्ही कातड्यापाशी थांबलो. खेळात कातडे सोलल्यावर ते खरवडून साफ करावे लागते, मग चरबीने, मेंदूने किंवा झाडाच्या सालीने कमवावे लागते, आणि यातील कोणताही टप्पा उशिरा केला किंवा घाईने उरकला तर हाती येणारा माल हलक्या दर्जाचा निघतो. आबांनी साल हा शब्द ऐकला आणि ते सरसावून बसले. आपल्याकडे बाभळीची साल वापरतात, हे त्यांनी सांगितले. कातडे आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मग ठेचलेल्या सालीच्या पाण्यात मुरवायचे. शेवटी कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात सालीचे पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवायची, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने कातड्यातून झिरपत राहते. हे सांगताना त्यांचा उजवा हात हवेत टोच्याने भोके पाडत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोरा ओढल्याचा जुना वळ होता, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

माझ्या मनात या खेळाविषयी जो आदर आहे, त्याचे मूळ त्या दुपारी आहे. आमच्या गावात ज्या हातांना हे कसब होते त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनी शिवलेल्या मोटेचे पाणी चालले आणि त्यांचा स्पर्श चालला नाही. या खेळात कातडे कमावणारा माणूस आणि शिकार करणारा माणूस एकच असतो, आणि कातडे नीट न कमावणारा थंडीने मरतो. कामाला मान देण्याची ही रीत मला पाठ्यपुस्तकात भेटली नव्हती.

(दृश्य: माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया आणि खारोड्या.)

आज्जीचा हिशेब वेगळा होता. तिला खेळातले वर्ष समजले, आणि समजताच तिने ते आपल्या वर्षाशेजारी ठेवून पाहिले. तिकडचा माणूस उन्हाळाभर राबतो तो हिवाळ्यासाठी. आपण उन्हाळ्यात माळवदावर कुरडया, पापड, सांडगे, खारोड्या वाळवतो त्या पावसाळ्यासाठी, आणि ज्वारी कणगीत किंवा पेवात भरतो ती पुढच्या सुगीपर्यंत. तिच्याकडे या सगळ्यासाठी एकच शब्द होता: बेगमी. बेगमी म्हणजे नुसता साठा नव्हे. घरात किती तोंडे, किती महिने, पाहुणेरावळे किती, बियाणे किती, आणि एखादा पाऊस हुकला तर काय, हे सगळे धरून केलेली आधीची तयारी म्हणजे बेगमी. मी खेळात जंगलाचा तुकडा तोडून जाळला, त्या राखेत जव आणि सलगम पेरले, शरदात कापणी करून दाणे झोडले, तेव्हा आज्जीने एकच विचारले, की यातून पुढच्या वर्षाचे बी बाजूला काढले का. मी काढले नव्हते.

व्यवहाराचीही गंमत सांगतो. खेळात नाणी नाहीत. गावात गेलात की वस्तूला वस्तू द्यायची, आणि खारीची कातडी हे त्यातले सुटे पैसे. फिनिश भाषेत पैशाला ‘राहा’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ केसाळ कातडे असाच आहे. पायलीभर ज्वारी देऊन बांगड्या भरलेल्या आज्जीला यात काहीच नवल वाटले नाही.

शिकारीपूर्वी वनदेवतांना वाटा ठेवण्याचे विधीही खेळात आहेत. आमच्या लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षाच्या अमावस्येला, येळवशीला, रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारून पांडव मांडतात, भज्जी (मिश्र भाजी) आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवतात आणि पिकांवर आंबील शिंपडतात. ज्याने हे केले आहे त्याला त्या विधींचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

एका गोष्टीपुढे मात्र आम्ही तिघेही गप्प झालो. माझा तिसरा माणूस दिवसभर चालून दमला होता, त्याला तहान लागल्याची सूचना पडद्यावर आली, आणि मी त्याला चार पावलांवरच्या सरोवरापाशी नेऊन एका कळीसरशी पाणी पाजले. फिनलंडात लहानमोठी सुमारे १ लाख ८८ हजार सरोवरे आहेत. खेळात सगळ्याची चिंता आहे, भुकेची, थंडीची, जखमेची, अस्वलाची. पाणी तेवढे शोधावे लागत नाही. आमच्या दारात त्या दिवशी टँकरची पाळी होती. आज्जीने पडद्यावरच्या निळ्या रंगाकडे बराच वेळ पाहिले, आणि मग ती घागर घेऊन उठली.

तिसरा माणूस पातळ बर्फ फुटून सरोवरात बुडाला. चौथ्यासाठी मी नवे जग घेतले नाही. जुन्याच जगात नवा माणूस सोडण्याची मुभा हा खेळ देतो, आणि आधीच्या माणसाने बांधलेले, टाकलेले, पुरलेले सगळे त्या जगात जागच्या जागी असते. बरेच दिवस उत्तरेकडे चालल्यावर मला पहिल्या माणसाचे अर्धवट घर सापडले. तीन भिंती उभ्या होत्या. आत कुऱ्हाड होती. थोड्या अंतरावर एल्कसाठी खणलेला तो खड्डा आणि त्याचे कुंपणही होते.

आबांनी खड्डा ओळखला आणि ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहत राहिले. मी खड्ड्याकडे गेलो नाही. हिवाळा अजून लांब होता. अंगावरच्या गाठोड्यात दोन जुनी कातडी होती. ती घरात पसरून मी त्यांचे दोर कापायला बसलो.