ऊर्जा आठपट, कण मात्र दीडपट!

नमस्कार मंडळी. दोन प्रोटॉन वेगाने आदळले की त्या ऊर्जेतून नवे कण जन्मतात. मग ऊर्जा आठपट केली तर कणही आठपट निघतील?

जिनिव्हाजवळ, सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यात हे करून पाहिलंय. नोव्हेंबर 2009 मध्ये तिथल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या यंत्रात 0.9 टीईव्हीच्या (हे कणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) टकरी झाल्या, मार्च 2010 मध्ये 7 टीईव्हीच्या. अ‍ॅलिस प्रयोगाने दोन्ही वेळा प्रोटॉनच्या वाटेशी साधारण काटकोनात उडणारे भारित कण मोजले. स्यूडोरॅपिडिटी, म्हणजे कोनाचं एक माप. त्याच्या दर एककाला आधी सरासरी 3.81 कण, नंतर 6.01.

[पडद्यावर दोन्ही आकडे]

म्हणजे दीडपटीच्या जरा वर. उरलेली ऊर्जा? बरीचशी प्रोटॉनच्या दिशेनेच पुढे निसटते. थोडी कणांना आडवा जोर देण्यात जाते: सीएमएस प्रयोगात, ज्यात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचाही सहभाग आहे, सरासरी आडवा संवेग 0.46 वरून सुमारे 0.55 जीईव्ही (जीईव्ही म्हणजे टीईव्हीचा हजारावा भाग) झालेला दिसला.

पण मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळाच आहे. मधल्या, म्हणजे काटकोनाजवळच्या भागात कण वाढलेच का? 1969 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचा अंदाज होता की पुरेशा ऊर्जेनंतर तिथली कणांची घनता स्थिरावेल. ती स्थिरावली नाही. उलट, टकरींचं गणित मांडणाऱ्या संगणक-मॉडेल्सनाही एवढी वाढ अपेक्षित नव्हती!

याचं मूळ ग्लुऑनमध्ये आहे, म्हणजे प्रोटॉनमधल्या क्वार्क नावाच्या कणांना बांधून ठेवणाऱ्या कणांमध्ये. ऊर्जा वाढते तसे प्रोटॉनच्या संवेगाचा अगदी बारीक वाटा घेऊन फिरणारे ग्लुऑनही टकरीत उतरतात, आणि असे ग्लुऑन प्रोटॉनमध्ये भरपूर असतात. दादरच्या पुलावर गर्दीचे दोन लोंढे समोरासमोर आले की एकाच वेळी कितीतरी जणांची धक्काबुक्की होते ना, तसंच. प्रोटॉनची टक्कर एकच, पण आत क्वार्क-ग्लुऑनच्या अनेक टकरी. प्रत्येकीतून आणखी कण.

आणि हे सगळे आकडे सरासरीचे, बरं का. काही टकरींत कण सरासरीच्या कितीतरी पट निघतात. तिथे स्ट्रेंज क्वार्क (क्वार्कचाच एक प्रकार) असलेल्या कणांचं, पायॉन या हलक्या कणांशी असलेलं प्रमाणही वाढतं, हे अ‍ॅलिसने 2017 मध्ये दाखवलं. पुढे 13 टीईव्हीची मोजमापं आली. कणांची संख्या तेवढीच असेल, तर हे प्रमाण 7 ला आणि 13 ला जवळपास सारखंच निघालं.