वाटीभर खाऊ, केकच्या पोटात

(दृश्य : परभणी. जानेवारीतली सकाळ. हातगाडीवर बोरं, हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडकी.)

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत इथं गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी बोरन्हाण असतंच. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, पाटावर बसलेलं लेकरू. डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले की जमलेली पोरं तुटून पडतात. आज माझ्या आत्याच्या नातवाचं पहिलं बोरन्हाण. यंदा लूट दोनदा होणार, असं आत्यानं ठरवलंय. एकदा पाटावर आणि एकदा केकमधून.

(दृश्य : स्वयंपाकघर. गॅसवर कुकर.)

घर माळकऱ्यांचं, त्यामुळं अंडं नाही. मैद्यात दही आणि खाण्याचा सोडा. दह्याच्या आंबटपणानं सोडा फसफसतो, वायूचे बुडबुडे सुटतात आणि तेच पीठ वर उचलतात. म्हणून सोडा पडला की आत्या थांबत नाही, भांडं लगेच कुकरात. तळाला मीठ, शिट्टी आणि रिंग काढलेली, आच मंद. 6 इंची डब्यात असे दोन केक कालच भाजून झालेत.

मी सुरी घेऊन पुढं झालो होतो. आत्यानं हात धरला.

“कामून घाई करायलास? गरम कापलास तर भुगा होतो बाबा.”

रात्रभर गार झालेले केक आज आडवे कापले. दोनाचे चार थर झाले, प्रत्येक जेमतेम 2 सेंटिमीटरचा.

(दृश्य : अगदी जवळून. स्टीलची वाटी, केकचा थर.)

आता वाटी. रोजच्या वरणाचीच, तोंड 7 सेंटिमीटरचं. मधल्या दोन थरांवर ती बरोबर मधोमध पालथी घालायची, दाबायची, हलकेच फिरवायची. आत अडकलेली चकती निघाली की खाली गोल खिडकी उरते आणि भोवती 4 सेंटिमीटरची भिंत. भिंत याहून बारीक ठेवली, तर वरच्या थराच्या वजनानं बसते. तळाचा आणि वरचा थर अखंडच ठेवायचा. त्या दोन चकत्या दुधात बुडवून मी खाल्ल्या. केकची खरी चव मला तिथंच कळली.

गेल्या वर्षी आत्याच्या हातून हाच केक बिघडला होता. साखरेचं पाणी तिनं सगळीकडं सढळ हातानं शिंपडलं, गोळ्या रात्रीच भरल्या आणि केक फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी कापला, तर आत रंगीत चिकटा. साखर ओल ओढून घेते. ओल्या केकच्या पोटात रात्र काढली की कडक गोळीही पाझरते, रंग सोडते. लेकरं ताट घेऊन बसलेली, आणि केकमधून काहीच सांडलं नाही. ते आत्याला फार लागलं होतं.

(दृश्य : ब्रश, पातळ केलेलं पांढरं चॉकलेट.)

म्हणून यंदा साखरेचं पाणी फक्त बाहेरच्या कडेला. आतल्या भिंतीला आणि तळाला वितळलेल्या चॉकलेटचा हात. त्यातल्या स्निग्धपणामुळं ओल अडते. ते घट्ट झालं की खाऊ भरायचा, तोही लोक यायच्या तासभर आधी. ज्या वाटीनं भोक पाडलं, तीच वाटी भरून खाऊ लागतो : रेवड्या, जेम्सच्या गोळ्या आणि काटेरी हलवा. हा हलवाही तिचाच. मंद आचेवर तिळाला थेंब-थेंब पाक देत, हातानं हलवत बसायचं, तेव्हा कुठं त्याला काटा येतो.

वर झाकणाचा थर, सगळ्याला क्रीम. क्रीमचं भांडं बर्फात ठेवून फेटायचं. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे काम पहाटेच उरकावं लागतं. आज थंडीनं साथ दिली.

(दृश्य : पाट, रांगोळी, पोरांची गर्दी.)

पहिली लूट झाली. आता केक. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली, एक काप मध्यापर्यंत, दुसरा त्याच्या शेजारी. आत्या फोड ओढते. क्षणभर काहीच नाही. मग एक रेवडी, मागोमाग हलव्याचे दाणे, आणि धो धो सगळंच ताटात.

पोरं ओरडतात. आत्याचं बोट मात्र केकच्या पोटात गेलंय, भिंतीवरून फिरतंय.

“कोरडं हाय,” ती म्हणते. मग सुनेकडं वळून, “बाळाला नुसता केक भरव गं. गोळी, दाणा काही देऊ नको, घशात अडकंल.”