सोळा गुणांची किंमत

श्रोते हो, नमस्कार.

2018 च्या मे आणि जून महिन्यांत जगभरचे बास्केटबॉलचे चाहते एका एकोणीस वर्षांच्या मुलावरून हमरीतुमरीवर आले होते. त्या वादाविषयी आज बोलायचे आहे. मुलाचे नाव लुका डॉन्चिच. जन्म 28 फेब्रुवारी 1999 चा, गाव स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना, वडील स्वतः बास्केटबॉलपटू. त्या वर्षी 21 जूनला ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट व्हायचा होता. ड्राफ्ट म्हणजे अमेरिकी संघांनी नव्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करण्याचा सोहळा, आणि मागच्या हंगामात ज्यांची पीछेहाट झाली त्यांना त्यात पहिल्या निवडीची संधी अधिक असते. या मुलाने युरोपात जे काही करून दाखवले होते, त्याची अमेरिकेच्या बाजारात नेमकी किंमत किती, एवढाच प्रश्न होता. पण त्यावर चाहत्यांचे सरळ दोन तट पडले होते.

वादाची सुरुवातच एका चुकीच्या शब्दाने होत असे. डॉन्चिच अजून ‘व्यावसायिक व्हायचा आहे’, असे अमेरिकी चाहते अगदी सहज म्हणत. वस्तुस्थिती अशी, की तो तेराव्या वर्षी घर सोडून स्पेनमधल्या रेआल माद्रिद क्लबच्या बास्केटबॉलच्या युवा संघात दाखल झाला होता आणि 30 एप्रिल 2015 रोजी, सोळा वर्षे दोन महिन्यांचा असताना, त्या क्लबच्या मुख्य संघाकडून मैदानात उतरला होता. त्या सामन्यात त्याने पहिलाच फटका तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारला आणि चेंडू जाळीत गेला. ज्या वयात आपल्याकडे दहावीच्या निकालाची वाट पाहतात, त्या वयात हा मुलगा लेकरेबाळे असलेल्या, तिशी ओलांडलेल्या खेळाडूंशी झुंजत होता. म्हणून त्याला ड्राफ्टला येणाऱ्या अमेरिकी महाविद्यालयीन मुलांच्या रांगेत उभे करून उंची मोजायची, हेच मला मुळात पटत नाही.

त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हुकमाचा एक्का होता 2017 ची युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा. स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे वीस लाख, म्हणजे आपल्या पुणे शहराहूनही कमी. हा चिमुकला देश हेलसिंकीतल्या गटसाखळीपासून इस्तंबूलच्या अंतिम सामन्यापर्यंत नऊच्या नऊ सामने जिंकत गेला. उपांत्यपूर्व फेरीत समोर लॅटव्हिया होता आणि त्यांच्या क्रिस्टाप्स पोर्झिंगिसने 34 गुण ओतले. उत्तरादाखल अठरा वर्षांच्या डॉन्चिचने 27 गुण आणि 9 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू ताब्यात घेणे) केले, आणि स्लोव्हेनियाने तो सामना 103-97 असा काढला. पुढे उपांत्य फेरीत पाऊ आणि मार्क या गासोल बंधूंच्या स्पेनचा 92-72 असा धुव्वा उडाला. त्या दिवशी डॉन्चिचचे गुण होते 11, पण त्यांच्या जोडीला 12 रिबाउंड आणि 8 असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, होते.

अंतिम सामना 17 सप्टेंबरला सर्बियाशी झाला आणि तिथेच टीकाकारांच्या हाती कोलीत मिळाले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये डॉन्चिचचा घोटा दुखावला आणि त्याला बाहेर बसावे लागले. सामना तोलून धरला तो कर्णधार गोरान ड्रागिचने, 35 गुण करून. पुढे त्याच्याही पायात गोळे आले, आणि अखेरच्या टप्प्यात हे दोघेही बाकावर असताना उरलेल्यांनी 93-85 असा विजय घरी आणला. आता एकाच सामन्याचे हे दोन अर्थ पाहा. टीकाकार म्हणत, याच्यावाचूनही संघ जिंकला, मग एवढे कौतुक कशाचे? शिवाय सर्बियाकडे निकोला योकिच आणि मिलोश तेओदोसिच हे त्यांचे मोठे खेळाडू नव्हते, ग्रीसकडे त्यांचा तारा यानिस अँटेटोकुंपो नव्हता, तेव्हा स्पर्धाच पातळ होती. समर्थक म्हणत, ज्या आठ सामन्यांमुळे संघ अंतिम फेरीत पोहोचला, ते याच्यावाचून जिंकून दाखवा. माझे मत विचाराल, तर त्या अंतिम सामन्यावरून डॉन्चिचविषयी काहीच सिद्ध होत नाही. ड्रागिचविषयी मात्र पुष्कळ सिद्ध होते.

खरा पुरावा त्यानंतरच्या हंगामात होता. ऑगस्ट 2017 मध्ये रेआल माद्रिदचा भरवशाचा गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू, सर्जिओ युल गुडघ्याच्या दुखापतीने दीर्घकाळासाठी बाहेर गेला आणि त्याच्या वाट्याची जबाबदारी या पोरावर येऊन पडली. ती त्याने अशी निभावली, की मे 2018 मध्ये बेलग्रेडला माद्रिदने तुर्कस्तानच्या फेनरबाहचेला 85-80 असे हरवून युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली, आणि हंगामातला सर्वोत्कृष्ट खेळाडू व अंतिम चौघांच्या फेरीतला सर्वोत्कृष्ट खेळाडू हे दोन्ही मान डॉन्चिचला मिळाले. इतक्या लहान वयात युरोलीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू त्याच्याआधी कोणी झाला नव्हता. तरीही अमेरिकेतले चाहते आकड्यांवर बोट ठेवत. युरोलीगमध्ये याची सरासरी 16 गुण, तर ॲरिझोना विद्यापीठाचा डिआंद्रे एटन विसाच्या वर, ड्यूकचा मार्विन बॅगली एकवीस, आणि ओक्लाहोमाचा ट्रे यंग तर सत्तावीसच्याही पुढे. मग कोण मोठा?

ही तुलना वरवर बिनतोड वाटते. पण एटन दर सामन्यात साधारण साडेतेहतीस मिनिटे मैदानावर असे आणि डॉन्चिच सुमारे सव्वीस. माद्रिदसारख्या क्लबमध्ये बाकावरही राष्ट्रीय संघांतले खेळाडू बसलेले असतात, तिथे एकट्याला चाळीस मिनिटे खेळवण्याची पद्धत नाही. त्रैराशिक मांडले, तर एटनइतक्याच वेळात डॉन्चिचचेही वीस गुण भरतात, आणि तेही विद्यार्थ्यांविरुद्ध नव्हे, मुरलेल्या खेळाडूंविरुद्ध. गणित इतके साधे होते, पण ते मांडण्याऐवजी आवाज चढवण्याकडेच बहुतेकांचा कल होता.

नियमांचीही एक गोष्ट आहे. एनबीएत बचाव करणारा खेळाडू कोणाला जवळून अडवत नसेल, तर त्याला बास्केटपुढच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त ठाण मांडता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत बचाव करणाऱ्यावर असे बंधन नाही. परिणामी युरोपात बास्केटखाली कायम गर्दी, आणि आत शिरायचे तर पायांच्या वेगापेक्षा डोक्याचा वेग जास्त लागतो. डॉन्चिचचा खेळ याच गर्दीत घडला. बचावपटूची वाट अडवायला सहकारी भिंतीसारखा उभा राहतो, त्याला स्क्रीन म्हणतात; त्या स्क्रीनला वळसा घालून तो पुढे येई, आणि अंगावरचा बचावपटू मागून गाठू पाहतो आहे हे कळताच वेग वाढवण्याऐवजी चक्क कमी करी. तो बचावपटू आता त्याच्या पाठीला चिकटलेला, बाजूने यायला वाट नाही. समोर बास्केटजवळ उभा असलेला उंच सेंटर, पुढे यावे की मागे राहावे या पेचात. डॉन्चिच आणखी एक ड्रिबल घेई, खांदा किंचित झुकवी, आणि सेंटरने पाऊल उचलले की चेंडू त्याच्या डोक्यावरून सहकाऱ्याच्या हातात. नाही उचलले, तर स्वतःच हलकेच वर सोडून दोन गुण. ‘हा मंद आहे’ असे म्हणणाऱ्यांना त्याचे पाय दिसत होते. त्या पायांनी समोरच्या दोघांना कसे खिळवून ठेवले, ते दिसत नव्हते.

तरीही टीकाकारांना वेड्यात काढणे योग्य नाही. बचावात तो सामान्य होता, आणि अमेरिकेतल्या चपळ गार्डपुढे त्याचे काय होईल ही शंका रास्त होती. शिवाय दुधाने तोंड पोळलेले लोक ताकही फुंकून पितात. 2003 मध्ये सर्बियाचा डार्को मिलिचिच दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे मोठे तारे झालेले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड त्याच्या मागे राहिले, आणि मिलिचिचची कारकीर्द कधी बहरलीच नाही. स्पेनचा रिकी रुबियो 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सतरा वर्षांचा असताना अमेरिकेविरुद्ध खेळला. 2009 मध्ये तो पाचवा निवडला गेला आणि पुढे खेळाडू म्हणून चांगलाच निघाला, पण त्या सामन्याने लावलेल्या आशेइतका मोठा झाला नाही. आपल्यापैकी अनेकांना ‘ड्राफ्ट’ हा शब्द कळला, तोही 2015 मध्ये पंजाबच्या सतनामसिंगला डॅलसने 52 व्या क्रमांकावर निवडले तेव्हा. त्या आनंदापुढे तो प्रत्यक्ष किती खेळेल हे कोणी विचारले नाही, आणि एनबीएच्या एकाही नियमित सामन्यात तो उतरला नाही. मात्र मिलिचिचची निवड झाली ती त्याच्यात दिसलेल्या शक्यतांवर. डॉन्चिचच्या मागे तीन हंगामांची कामगिरी उभी होती. दोघांना ‘परदेशी मुलगा’ या एकाच पोत्यात भरणे, ही चाहत्यांची खरी चूक झाली.

ड्राफ्टच्या रात्री गंमत झाली. पहिली निवड फिनिक्सची होती आणि त्यांनी सुमारे दीड महिना आधीच प्रशिक्षक म्हणून इगोर कोकोश्कोव्हला नेमले होते, म्हणजे ज्याने स्लोव्हेनियाला युरोबास्केट जिंकून दिली त्यालाच. समर्थकांना वाटले, झाले आपले काम. फिनिक्सने एटनला घेतले. त्या निवडीला मी चूक म्हणणार नाही, कारण एटनला घेऊनच फिनिक्स 2021 मध्ये अंतिम फेरीत पोहोचले. नवल वाटले ते दुसऱ्या निवडीचे. सॅक्रामेंटोचा कारभार पाहणारे व्लादे दिवाच स्वतः सर्बियाहून आलेले. युरोपातल्या सोळा गुणांचे वजन अमेरिकेत त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी बॅगलीला निवडले. तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाने डॉन्चिचचे नाव पुकारले आणि त्याच रात्री ट्रे यंग व भविष्यातल्या ड्राफ्टमधली एक निवड यांच्या बदल्यात त्याला डॅलसकडे सोपवले. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान डॉन्चिचनेच पटकावला.

डॅलसला असा सौदा नवा नव्हता. 1998 मध्ये सॅन अँटोनिओत झालेल्या अमेरिका विरुद्ध जग अशा युवा खेळाडूंच्या एका सामन्यात जर्मनीच्या डर्क नोवित्स्कीने 33 गुण आणि 14 रिबाउंड केले होते. ड्राफ्टमध्ये तो नववा निवडला गेला आणि तोही त्याच रात्री अदलाबदलीत डॅलसला आला. डॉन्चिच दाखल झाला तेव्हा नोवित्स्की चाळीस वर्षांचा होता आणि अजून त्याच संघात होता. तो त्याचा एकविसावा आणि शेवटचा हंगाम, दोघांनी एकत्र खेळलेला एकमेव. एप्रिल 2019 मध्ये नोवित्स्की अखेरचा सामना खेळला, तोही सॅन अँटोनिओतच.

नमस्कार.