सुकाणू खाली उतरवल्यावर

(दृश्य: क्रेनच्या पट्ट्यांवर उचललेली शिडाची बोट. तळावरून पाणी निथळतंय.)

बोट पाण्याबाहेर आली की सगळे आधी तळ बघतात. शेवाळ किती धरलंय, रंग कुठे उडालाय. आपण सरळ मागे जाऊ, सुकाणूपाशी.

पात्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरायचं आणि आडवं हलवायचं. सावकाश. आता ऐका.

(मूळ आवाज: टक्... टक्...)

हा प्ले. सुकाणूचा दांडा आणि बेअरिंग यांच्यातली फट वाढली की असा आवाज येतो. दांड्याला बेअरिंग दोन असतात, एक खाली तळाशी, दुसरं वर. दोष कुठल्या बेअरिंगचा आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून एक जण टॉर्च घेऊन आत बसलाय. बाहेरचा पातं हलवतो, आतला दांड्याच्या वरच्या टोकाला हात लावून बघतो. वरचं टोक जागचं हलत नाही आणि खाली मात्र टकटक चालू आहे. म्हणजे झीज खालच्या बेअरिंगची.

बहुतेक वेळा तेच झिजलेलं निघतं. या बोटीचं पातं तळाखाली मोकळं लटकतं, त्याला खालून आधार नाही. पाण्याचा सगळा रेटा खालच्या बेअरिंगच्याही खाली बसतो आणि दांडा तरफेसारखा वागतो. दाबाचा मध्य खालच्या बेअरिंगपासून जितका दूर, तितकंच दोन बेअरिंगांमधलं अंतर असेल, तर पात्यावरच्या रेट्याच्या दुप्पट भार या एका खालच्या बेअरिंगवर येतो. आणि हे काम फक्त प्रवासात चालतं असंही नाही. नांगरावर उभ्या असलेल्या बोटीचं सुकाणूही लाटेगणिक हलत राहतं. चाक नुसतं बांधून ठेवलं तरी बरीच झीज वाचते.

वरून ग्रीस भरायचं, आवाज दबला की काम झालं म्हणायचं, ही सवय आम्हाला अजिबात मान्य नाही. ग्रीसने फट भरत नाही, फक्त ऐकू येईनाशी होते. सुकाणू खाली उतरवून डोळ्यांनी बघितल्याशिवाय या कामाला देखभाल म्हणता येत नाही.

(दृश्य: डेकखालची अरुंद जागा. पाना, हात, टॉर्चचा उजेड.)

सुरुवात आतून. चाकाच्या तारा दांड्यावर बसवलेल्या ज्या अर्धगोल तुकड्यावर, म्हणजे क्वाड्रंटवर येतात, त्याची दांड्यावरची जागा आधी मार्करने आखून घेतली. ही खूण राहिली की जोडताना चाक आणि पातं पुन्हा एका रेषेत येतात. मग तारा सैल, क्वाड्रंटचे बोल्ट, ऑटोपायलटचा हात. शेवटी वरची कॉलर, म्हणजे दांड्याभोवती आवळलेलं कडं. सगळं सुकाणू तिच्यावर पेललेलं असतं, म्हणून ती सोडायच्या आधी पात्याखाली जॅक लागलेला हवा. दांडा पूर्ण बाहेर यायला उंची लागते. इथे बोट पट्ट्यांवर आणखी वर घेतलीय. ते जमत नसेल तिथे खाली जमिनीत खड्डा खणतात.

(दृश्य: दांडा नळीतून हळूहळू खाली येतो. निवेदन नाही.)

फडक्याने पुसल्यावर दांडा बोलू लागतो. बेअरिंग बसतं तिथे गुळगुळीत पट्टा, आणि त्याच्या कडेला नख अडकेल अशी पायरी. वर्नियरने पट्ट्यावर माप घ्यायचं, मग पट्ट्याबाहेर, मग दांडा काटकोनात फिरवून पुन्हा. पाणी आत येऊ न देणारं रबरी कडं, म्हणजे सील, बसलं होतं तिथे तपकिरी टिपके आहेत. स्टेनलेस स्टीलला टिकायला ऑक्सिजन लागतो. सीलखाली अडकलेल्या पाण्यात तो मिळत नाही आणि धातू टोचल्यासारखा खड्डे धरतो. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर खड्ड्यांबरोबर पांढरी भुकटी साचते. ती फटीत दाटली की सुकाणू जड होतं.

जड होण्याचं आणखी एक कारण खुद्द बुशमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात असतं. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. किनाऱ्यावर हलकं फिरणारं सुकाणू काही आठवड्यांनी पाण्यात घट्ट होतं, ते यामुळे. ॲसिटल नावाचं प्लॅस्टिक फार कमी पाणी घेतं, म्हणून नवा बुश त्याचा आहे. तो बसवण्याआधी फ्रीजरमध्ये ठेवला होता. थंडीने किंचित आकसतो आणि आपल्या बसायच्या जागेत हातोडा न मारता जातो. काही बोटींत रोलर असलेली, दांडा वाकला तरी त्याच्याबरोबर कलणारी बेअरिंग असतात. प्लॅस्टिक रोलरवाल्या बेअरिंगना अनेक उत्पादक ग्रीस लावूच देत नाहीत. गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं, एवढंच.

(दृश्य: जुनं आणि नवं सील शेजारी शेजारी.)

आता सील. जुन्याचा ओठ, म्हणजे दांड्याला टेकणारी कड, कडक झालाय, दाबला तर परत उठत नाही. सुकाणू खाली आलंय तर सील बदलायचंच, चांगलं दिसलं तरी. स्प्रिंग असलेली बाजू पाण्याकडे. आणि हे जवळून बघा: दांड्यावर क्वाड्रंट पक्का धरणारी धातूची चावी ज्या खाचेत बसते, तिची कड धारदार असते, तिच्यावरून सरकताना नवा ओठ कापला जातो. म्हणून खाचेवर आधी टेप गुंडाळलाय, सील पार गेलं की टेप काढायचा.

सीलऐवजी ग्लँड असेल, म्हणजे दांड्याभोवती पॅकिंगच्या दोरीची कडी दाबून पाणी अडवलेलं असेल, तर प्रत्येक कडं तिरकं कापायचं आणि सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. प्रोपेलरच्या शाफ्टचं ग्लँड थेंब थेंब गळलेलं चालतं, कारण शाफ्ट वेगाने फिरतो आणि त्याला थंड ठेवायला पाणी लागतं. सुकाणूचा दांडा सावकाश फिरतो. त्याचं ग्लँड कोरडंच हवं.

हे सगळं टाळलं तर सुकाणू अडकतं, नळीच्या जोडाला तडे जातात, पाणी आत येतं.

(दृश्य: बोट पुन्हा पाण्यावर. पट्टे अजून खालीच आहेत.)

पट्टे सोडायची घाई नको. एकाने आत जायचं आणि सीलच्या भोवती कोरडा टिश्यू फिरवायचा. दुसऱ्याने चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, दोन्ही बाजूंना. टिश्यू ओला निघाला तर बोट परत वर. कोरडा राहिला तर क्रेनवाल्याला हात दाखवा.