टक् आवाज येण्याआधी

नमस्कार मंडळी. आज इथे बसलेले बहुतेक जण कॉलेजची लॅब किंवा एखाद्या ऑफिसातली दहा-वीस मशीन सांभाळतात. आपल्याकडे येणारी तक्रार ठरलेली असते. "सर, मशीन चालू होत नाही, आतून टक् टक् आवाज येतोय." आपण हार्ड डिस्क काढतो, गेली म्हणतो, वॉरंटी बघतो, नवी लावतो. यंत्र आहे, झिजणारच, अशी आपली समजूत असते. मला त्यात एक भर घालायची आहे. यंत्र किती आणि कसं झिजायचं, हे बरंचसं डिस्कच्या पोटातल्या फर्मवेअरवर, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्या आतल्याच प्रोग्रामवर ठरतं. ते फर्मवेअर वेळेवर बदललं तर डिस्क वाचू शकते, आणि घाईने बदललं तर धडधाकट डिस्क हातची जाते. मी दोन्ही पाहिलं आहे.

आधी आत काय चालतं ते बघू. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क असेल तर आतली डेटा साठवणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. वाचणारं-लिहिणारं हेड तिला टेकत नाही, हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. आपला केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. हेड कुठे न्यायचं, कधी थांबवायचं, काम नसताना कधी बाजूला घ्यायचं, हे विंडोज किंवा लिनक्स फार तर सुचवतात. प्रत्यक्ष हात हलवतं ते फर्मवेअर. त्याचा काही भाग सर्किट बोर्डवरच्या चिपमध्ये असतो आणि बराचसा तबकडीवरच्याच राखीव जागेत. ती राखीव जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेस्टर्न डिजिटलच्या ग्रीन डिस्क आठवतात? वीज वाचावी म्हणून त्यांच्या फर्मवेअरमध्ये अशी सोय होती की ८ सेकंद काम आलं नाही की हेड उचलून कडेच्या छोट्या उतरणीवर नेऊन ठेवायचं. यालाच आपण हेड पार्क होणं म्हणतो. हेतू चांगलाच होता. पण लिनक्ससारखी सिस्टीम दर थोड्या सेकंदांनी एखादी नोंद लिहीत राहते. मग हेड पार्क झालं की लगेच परत बोलावणं, पुन्हा ८ सेकंद, पुन्हा पार्क. अशा ३,००,००० फेऱ्यांसाठी डिस्क बनवली असल्याचं कंपनीच सांगत होती. आता हिशोब करा. अर्ध्या मिनिटाला एक फेरी धरली तर तासाला १२०, दिवसाला २,८८०. चोवीस तास चालणारं मशीन १०४ दिवसांत तो आकडा गाठतं. रोज आठ तास धरले तरी वर्ष पुरत नाही. आकडा गाठला की त्याच दिवशी डिस्क बंद पडते असं नाही, पण पाच वर्षांची झीज आपण वर्षात करून घेतो. आणि उपाय काय होता? डीओएस या जुन्या सिस्टीममधून चालणारं एक छोटं टूल, ज्याने ते ८ सेकंद वाढवून ३०० करता येत. एक आकडा बदलायचा, बस.

तुमच्या डिस्कचं काय चाललंय, हे आज संध्याकाळी बघता येईल. लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड चालवा आणि १९३ क्रमांकाची ओळ वाचा, लोड सायकल काउंट, म्हणजे हेड किती वेळा पार्क झालं तो आकडा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये हीच ओळ सी१ या नावाने दिसते. तिथला आकडा मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मांडलेला असतो, सेटिंगमधून दशमान करून घ्या, नाहीतर उगाच घाबराल किंवा उगाच निर्धास्त राहाल. एकदा वाचून काही कळत नाही. आठवड्याने पुन्हा वाचा आणि मधला फरक बघा.

दुसरं उदाहरण जानेवारी २००९ चं, सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ डिस्कचं. संध्याकाळी मशीन नीट बंद केलेलं, सकाळी चालू केलं तर बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामला डिस्कच दिसत नाही. लोकांना वाटलं मोटर गेली. खरं म्हणजे मोटर, हेड, तबकडी सगळं शाबूत होतं. डिस्क त्या राखीव जागेत स्वतःच्या घडामोडींची नोंद ठेवते. काही डिस्कमध्ये त्या नोंदींचा मोजणारा काटा ३२०वर, किंवा त्यात २५६च्या पटी मिळवून येणाऱ्या आकड्यावर असताना वीज आली, की फर्मवेअर सुरू होतानाच अडकायचं. लोकांचा डेटा तबकडीवर जसाच्या तसा होता, फक्त दार उघडत नव्हतं. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं, आणि त्या पहिल्या दुरुस्तीनेच ५०० जीबीच्या काही डिस्क बंद पाडल्या! ते मागे घेऊन पुन्हा सुधारून द्यावं लागलं. म्हणून मी सांगतो, नवं फर्मवेअर आलं त्याच दिवशी सगळ्या लॅबवर चढवू नका. एका मशीनवर चढवा, आठवडाभर ते मशीन रोज पूर्ण बंद करून चालू करा, मग बाकीची.

एसएसडीमध्ये, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाही म्हणून निर्धास्त असाल तर एवढंच ऐका. २०१९ मध्ये एचपीई (हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज) या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी ३२,७६८ तास भरले की कायमच्या बंद पडतील, फर्मवेअर आधीच बदला. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच सुमाराला जाणार. तिथे रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा मिळावा अशी अनेक डिस्कची जोडणीही वाचवत नाही.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका लॅबमध्ये मी बारा वर्कस्टेशनवर डिस्कचं फर्मवेअर चढवत होतो. अकरा नीट झाली. बाराव्याला टूलने इशारा दिला, मी थकलो होतो, 'येस' दाबलं. मॉडेल नंबर तोच होता, पण ती डिस्क दुसऱ्या ब्रँडच्या मशीनमधून आली होती आणि तिच्या लेबलवरचा पार्ट नंबर वेगळा होता. डिस्क परत कधीच दिसली नाही. तिच्यावर एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीची दोन महिन्यांची रीडिंग होती, आणि बॅकअप मी घेतला नव्हता. तिने प्रयोग पुन्हा केले. मला एका शब्दाने बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून बॅकअप घेऊन, त्यातली दोन-चार फाइल उघडून बघितल्याशिवाय मी टूलला हात लावत नाही. लेबलचा मोबाईलवर फोटो काढतो. मॉडेल नंबर, पार्ट नंबर आणि आत्ताची फर्मवेअर आवृत्ती, तिन्ही जुळली तरच पुढे. मशीन ब्रँडेड असेल तर फर्मवेअर त्या ब्रँडच्याच साइटवरून घ्यायचं. बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवायच्या, म्हणजे चुकून दुसरीवर चढणार नाही. आणि यूपीएस हवाच. बॅटरी खरंच चार्ज धरते का, ते आधी मेन स्विच बंद करून बघा. राखीव जागेत लिहिणं चालू असताना लाईट गेली, तर पुढे काही करता येत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, त्यांच्याकडची डिस्क आत्ताच टक् टक् करते आहे, तिचं फर्मवेअर बदलू का? नका बदलू. आवाज येतोय म्हणजे बहुधा हेडला इजा झाली आहे, आणि डिस्क चालू राहील तेवढा वेळ ते हेड तबकडी खरवडत असू शकतं. मशीन बंद करा, डिस्क काढून ठेवा. वरचा डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे जाईपर्यंत तिला पुन्हा वीज देऊ नका.