ताप आहे, कारण दिसत नाही

नमस्कार श्रोतेहो. बाळाला ताप आहे. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. अशा वेळी लघवी तपासून घ्यायची. पुन्हा सांगतो, ताप आहे आणि कारण दिसत नाही, तर लघवी.

आमचा नातू आठ महिन्यांचा असताना असाच तापला. खानापूरचा पाऊस, तसंच बेळगावला आणलं. डॉक्टरबाईंनी निर्जंतुक डबी हातात दिली. म्हणाल्या, "लघवीची पिशवी चिकटवली तर कातडीवरचे जंतू मिसळतात, रिपोर्ट फसवतो. मधली धार धरा." डायपर काढला, जागा धुतली. (डायपरवरून आठवलं, जुन्या शहापुरी लुगड्याच्या दुपट्याची सर कशालाच नाही. बाळ भिजलं की लगेच कळायचं. आता रात्रभर पत्ता नाही. असो.)

डबी धरून पाऊण तास बसलो. बाळ खुशाल हसतंय. शेवटी माझी आई बाकावरून म्हणाली, "काय करायलास? डबीकडं बघून पोरं मुतत्यात काय?" तांब्यातल्या गार पाण्यात पदर बुडवला, तोच नर्सबाईंनी तो बाजूला सारून ओला गॉज, म्हणजे मलमपट्टीचं जाळीदार कापड, हातात दिला. आईनं बेंबीखाली गोल गोल चोळलं, तोंडानं 'शूऽऽऽ' चालूच. दोन मिनिटांत धार! पहिली माझ्या सदऱ्यावर, मधली डबीत.

पुढं कळलं, मेलबर्नच्या डॉक्टरांनी हेच ३५४ बाळांवर करून पाहिलं आणि २०१७ साली छापलं. शू नाही हं, फक्त गार ओला गॉज. चोळलेल्यांपैकी ३१ टक्के बाळांना पाच मिनिटांत लघवी झाली, नुसती वाट पाहिली त्यांच्यात १२ टक्क्यांना. आईला सांगितलं, तर म्हणते, "माझ्या सात पोरांचं कुणी मोजलं नाही."

नातवाच्या लघवीत जंतू निघाले. ते वर मूत्रपिंडात शिरले आणि औषधाला उशीर झाला, तर तिथं कायमचा व्रण राहू शकतो. लघवीत जंतू निघालेल्या बाळांपैकी साधारण तिघांत एकाची लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते, म्हणून सोनोग्राफी सांगतात. सौम्य असेल तर बहुतेकांचं वाढत्या वयात जातं.

वेळ संपत आली. नमुना अँटिबायोटिकच्या आधी. आधी नमुना, मग औषध. तासाभरात लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. बाळ मलूल असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर घरी गॉज घेऊन बसू नका, थेट दवाखाना. तिथं नळी घालून लघवी काढतात.