मंगळवारी हरणाऱ्यांचं टेनिस

नमस्कार मंडळी. प्रास्ताविकात माझा उल्लेख 'आंतरराष्ट्रीय टेनिसपटू' असा झाला. ते खोटं नाही. पण दुसऱ्या रांगेत माझा शाळेतला मित्र बसलाय आणि तो शब्द ऐकून तो हसला, हे मी पाहिलंय. गेली वीस वर्षं हा माणूस भेटला की एकच विचारतो, "तू टीव्हीर कधी दिसतलंस?" नाही दिसलो. आज मी ज्या टेनिसबद्दल बोलणार आहे, ते टीव्हीवर दिसतच नाही.

आपल्या वेंगुर्ल्यात टेनिस खेळतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अंडरआर्म की ओव्हरआर्म? टेनिसचा चेंडू घरोघरी, पण रॅकेट नाही. कोकणात त्या चेंडूचा जन्मच मुळी क्रिकेटसाठी झाला, अशी आपली पक्की समजूत. मी शिकलो ते एका जुन्या क्लबाच्या सिमेंटच्या कोर्टावर. खाऱ्या हवेनं जाळ्याची तार गंजलेली, आणि जूनचा पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत कोर्टावर शेवाळ. मग थेट नवरात्रापर्यंत खेळ बंद. वर्षातले चार महिने असे जायचे. पुण्यातली माझ्या वयाची मुलं तेव्हाही दिवसाआड खेळत होती. तेराव्या वर्षी घरच्यांनी मला पुण्याला ठेवलं. निरोप-बिरोप यथासांग झाला, तो सोडून देतो.

व्यावसायिक टेनिसचे मजले एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. सगळ्यात वर विम्बल्डनसारख्या चार ग्रँड स्लॅम. त्यांच्याखाली एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या, मोठ्या स्पर्धा. आपल्या बालेवाडीला 2018 ते 2023 अशी एक होत होती, तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. त्याखाली चॅलेंजर. आणि अगदी तळाला आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा. आमच्या वेळी त्यांना फ्यूचर्स म्हणायचे, आता एम 15 आणि एम 25 म्हणतात. एम म्हणजे पुरुष. 15 म्हणजे संपूर्ण स्पर्धेची बक्षिसाची रक्कम 15,000 डॉलर. संपूर्ण स्पर्धेची, बरं का. विजेत्याला त्यातले 2,160 मिळायचे आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 156. त्या 156 मधून 40 डॉलर प्रवेश फीचे, शिवाय बऱ्याच देशांत करही कापून घेतात.

आमच्या घरी वहीची सवय. बाबांचा आंब्याचा व्यवसाय, त्यामुळे मोहोराच्या फवारणीपासून शेवटच्या पेटीपर्यंत सगळं वहीत. मीही तशीच वही ठेवली. आज ती सोबत आणलीय. 2018 मधलं एक पान वाचतो. ट्युनिशिया, मोनास्तिर, तीन आठवडे. विमान 42,000 रुपये. हॉटेल दिवसाला 45 युरो, 21 दिवस, म्हणजे पंचाहत्तर हजारांच्या वर. तीन स्पर्धांची प्रवेश फी, आठेक हजार. जेवण हॉटेलच्या पैशांतच होतं, आणि गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा भरणं, मी स्वतः करायचो, म्हणून ते पानावर नाही. एकूण 1,26,000. आता जमेची बाजू. पहिल्या आठवड्यात पात्रता फेरीतच बाहेर, शून्य. दुसऱ्या आठवड्यात मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रतेनंतरच्या मुख्य स्पर्धेत, पहिल्या फेरीत हरलो, 156 डॉलर. तिसऱ्या आठवड्यात एक सामना जिंकलो, 258 डॉलर आणि क्रमवारीचा एक गुण. रुपयांत अठ्ठावीस हजार. म्हणजे तो एक गुण मला पडला 98,000 रुपयांना.

घरी आल्यावर बाबांनी पान वाचलं, काही बोलले नाहीत, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: '65 पेट्या'. त्या वर्षी पेटीमागे सरासरी दीड हजार सुटले होते. तेव्हापासून आमच्या घरात टेनिसचा हिशोब पेट्यांत चालला. आई फोनवर विचारायची, या आठवड्यात किती पेट्या गेल्या?

मोनास्तिरच का, असा प्रश्न पडेल. तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तचं शर्म-अल-शेख, ट्युनिशियाचं मोनास्तिर या समुद्रकाठच्या पर्यटनाच्या जागा. हंगाम नसताना तिथली हॉटेलं रिकामी असतात. मग लागोपाठ आठवडे एम 15 भरवायच्या आणि खेळाडूंनी त्याच हॉटेलात राहायचं. खोल्या भरतात आणि बक्षिसाचे पैसे बऱ्याच अंशी आमच्याच खिशातून हॉटेलकडे परत जातात. मी याला फसवणूक म्हणणार नाही. त्या स्पर्धा नसत्या तर शेकडो पोरांना गुणच मिळाले नसते. पण सत्कार करताना लोक 'परदेशात खेळून आला' म्हणतात, तेव्हा मला आठवतो तो रिकामा पोहण्याचा तलाव आणि जेवणाच्या रांगेतला तोच पास्ता. स्पर्धांच्या यादीत आम्ही आधी 'प्लस एच' शोधायचो. एच म्हणजे हॉस्पिटॅलिटी, राहणं फुकट. ते अक्षर दिसलं की त्या स्पर्धेवर उड्या पडायच्या आणि साहजिकच ड्रॉ कठीण व्हायचा.

आता मंगळवार. 32 जणांचा मुख्य ड्रॉ असतो, त्यातले 16 जण मंगळवारी नाहीतर बुधवारी हरतात. नियम असा, की दोन आठवड्यांनी होणाऱ्या स्पर्धेतून नाव काढायचं असेल तर ते मंगळवारी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातच्या आत. ट्युनिशियात तेव्हा दुपारचे तीन. म्हणजे सकाळी अकराच्या सामन्यात तुम्ही हरलात, अंघोळ केली, कसंबसं जेवलात, की तीनच्या आत ठरवायचं: पुढच्याचा पुढचा आठवडा खेळायचा की घरी जायचं? हरल्यावर दोन तासांत माणसाचं डोकं कसं चालतं, हे मला आतून माहीत आहे. माझे सगळ्यात वाईट निर्णय मंगळवारी दुपारी झाले. दोनदा रागानं नाव काढलं आणि नंतर त्या स्पर्धेचा ड्रॉ पाहून स्वतःला शिव्या घातल्या. एकदा जिद्दीनं थांबलो आणि दुखऱ्या खांद्यावर खेळून चार महिने घरी बसलो.

अशा हॉटेलात रात्री गटिंगचं यंत्र टेबलावर ठेवून मी तारा ओढत बसायचो. दोनशे मीटरचं रीळ घेतलं की सोळा-सतरा रॅकेटी होतात. दुसऱ्यांच्याही करून द्यायचो, तेवढेच दहा-बारा डॉलर. एकदा रात्री एक वाजता एका रशियन मुलाची रॅकेट करून दिली आणि सकाळी त्याच रॅकेटनं त्यानं मला 6-2, 6-3 हरवलं. ताण अगदी बरोबर लावला होता मी.

तेव्हा मला आपले दशावतारी आठवायचे. लहानपणी आजीबरोबर जत्रेला जायचो. रात्रभर तो राजा दरबार गाजवायचा. पहाटे पाहिलं तर तोच माणूस, गालावर रंगाचे ओघळ, पेटारा उचलून पुढच्या गावच्या जत्रेला निघालेला. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं आपल्याकडे म्हणतातच. पुढच्या गावात पुन्हा पहिल्यापासून, कालचा दरबार तिथे कुणाला माहीत नसतो. आमचंही तेच, फक्त पेटाऱ्याच्या जागी रॅकेटची बॅग. फरक म्हटला तर एवढाच, की दशावतारात सगळी मंडळी एका कंपनीची असतात. आमच्या खोलीत माझ्या शेजारी झोपलेला मुलगा उद्या माझ्याविरुद्ध उभा असायचा. आणि दशावताराला निदान प्रेक्षक असतात! माझ्या बहुतेक सामन्यांना अंपायर, समोरचा खेळाडू आणि सावलीत झोपलेलं एखादं मांजर.

प्रेक्षक नव्हते हे मात्र अर्धसत्य. अंपायरच्या हातात यंत्र असतं. प्रत्येक गुण त्यात नोंदला जातो आणि तो क्षणात जगभरच्या सट्टेबाजांपर्यंत पोचतो. मी हरलो की तासाभरात फोनवर निरोप सुरू. कुठल्या भाषेतले ते कळायचं नाही, पण आईबहिणीचा उद्धार कुठल्याही भाषेत ओळखू येतो. तुमच्यावर पैसे लावणारा तुमच्या बक्षिसाच्या कितीतरी पट रक्कम लावत असतो. मग एखादा अनोळखी माणूस 'पैसे देतो, फक्त दुसरा सेट हर' म्हणत फोन करतो, यात नवल काय? असा फोन आला तर कळवणं बंधनकारक असतं. न कळवणं हाही गुन्हाच. मी कळवलं. पण 156 डॉलरवर जगणाऱ्या पोराला ते किती जड जातं, हे एसी खोलीत नियम लिहिणाऱ्याला कळेल असं मला वाटत नाही. 2018 मध्ये एका स्वतंत्र चौकशी समितीनं खालच्या पातळीवरच्या मुद्दाम हरण्याच्या या रोगाबद्दल सविस्तर अहवाल दिला. रोगाचं मूळ तिथेही हेच निघालं: खर्च जास्त, मिळकत कमी.

आकडे हवेत तर आयटीएफचेच घ्या. 2013 साली 13,736 जण व्यावसायिक स्पर्धा खेळले. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. प्रशिक्षकाचा खर्च न धरता ज्यांचं जमाखर्चाचं तोंड जुळलं, ते 336 पुरुष आणि 253 महिला. सुमित नागल तेव्हा भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्यानं 2023 च्या सप्टेंबरात सांगितलं की बँकेत 900 युरो उरलेत. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं 31 व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषानं मानांकिताला हरवलं ते 1989 नंतर प्रथमच. त्या आठवड्यात सगळे पेपर त्याच्या फोटोनं भरले. मी मात्र ते 900 युरो विसरू शकलो नाही. एटीपीनं 2024 पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली, क्रमवारीत 176 ते 250 असलेल्यांना त्या वर्षी 75,000 डॉलर. चांगलंच झालं. पण हा बंदराचा धक्का 250 ला संपतो, पुढे पाणीच.

मी कधी त्या धक्क्याच्या जवळपासही गेलो नाही. माझा सर्वोत्तम क्रमांक आठशेच्या आसपासचा. तरीही खर्च भागत कसा होता? थोडा बाबांच्या कलमांवर. थोडा जर्मनीतल्या क्लब लीगवर. तिथे उन्हाळ्यात गावोगावच्या क्लबांचे सामने असतात आणि ते बाहेरून खेळाडू आणतात. सामन्यामागे रोख पैसे, राहायला कुणाचं तरी घर, आणि सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र जेवायला. माझ्या कारकिर्दीतले सुखाचे दिवस तेच, आणि क्रमवारीत त्यांचा शून्य गुण!

2019 च्या जानेवारीत नियम बदलले. एम 15 मधले एटीपीचे गुण काढून टाकले आणि माझ्यासारख्या शेकडो जणांची नावं एका रात्रीत यादीतून गेली. जगभरच्या खेळाडूंनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये गुण परत आले. त्या सात महिन्यांत मी तिशी ओलांडली. वहीत त्या वर्षाची पानं कमी आहेत. ऑक्टोबरमध्ये एका एम 15 मध्ये एक सामना जिंकलो, एक गुण मिळाला, आणि डिसेंबरात थांबलो.

प्रश्नोत्तरांत पालक विचारतीलच, म्हणून आधीच सांगतो. पोराला खेळू द्या की नको, हे मी सांगणार नाही. फक्त 'तो किती वर जाईल' हा प्रश्न आज विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. वर्षातले किती आठवडे तुम्हाला परवडतात आणि ते कुठले, हे वहीत लिहा. पंधरा आठवडे नीट निवडून खेळलेला मुलगा तीस आठवडे धावत सुटलेल्यापेक्षा जास्त टिकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे यांच्या खेळाडू म्हणून मिळणाऱ्या नोकऱ्यांकडे नाक मुरडू नका. मी मुरडलं होतं. आणि इथे कुणी पदाधिकारी बसले असतील तर एक मागणं आहे: सत्काराची शाल नको, एका कोर्टावर पत्र्याची शेड घाला. पावसाचे चार महिने वाचले तर तेराव्या वर्षी पोर घर सोडून जाणार नाही.

बाकी माझ्या त्या शेवटच्या गुणाची गंमत. तो 52 आठवड्यांनी गळायला हवा होता. पण 2020 च्या मार्चमध्ये करोनानं टेनिस बंद पडलं आणि क्रमवारी गोठवली. नंतर खेळ सुरू झाल्यावरही गुण वजा होण्याची चाल त्यांनी मंद ठेवली होती. मी इथे बागेत फवारणी करतोय आणि तिकडे यादीत माझं नाव तसंच. दर सोमवारी फोनवर बघायचो. मग कधीतरी बघायचं राहून गेलं. एका मे महिन्यात, कॅनिंगचा आंबा भरताना, सहज आठवण झाली म्हणून पाहिलं तर नाव नव्हतं. नेमकं कुठल्या सोमवारी गेलं, ते कळलं नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरां. टेम्पो इलो, क्रेट उचल."